पहिला बो घेताना: लेफ्ट-हँड, २४ पौंड आणि विस्कॉन्सिनचा दादा

माझा मामेभाऊ, म्हणजे दादा, अमेरिकेत विस्कॉन्सिनला असतो आणि सप्टेंबर आला की तो बो म्हणजे धनुष्य घेऊन जंगलात जातो, हरणाच्या शिकारीला. तिकडे ते रीतसर चालतं, लायसन्स काढायचं, सीझन ठरलेला, किती मारायची तेही ठरलेलं, आणि खास बोने शिकार करायचा सीझन तिथे १९३४ पासून आहे. मागे त्याच्याकडे राहायला गेले होते तेव्हा त्याच्या घरामागे पहिल्यांदा बो हातात घेतला आणि ठाण्याला परत आल्यावरही ते काही डोक्यातून जाईना, मग म्हटलं इकडे शिकायचं आणि स्वतःचा बो घ्यायचा. घेईपर्यंत बरेच महिने गेले, त्यात जे जे कळलं ते इथे लिहितेय, कारण ग्राउंडवर नवीन येणारा प्रत्येक जण तेच विचारतो, कुठला घेऊ, किती पौंडाचा घेऊ (म्हणजे खेचायला किती जोर लागतो), कितीला पडेल.

शिकारीचं आधी सांगते म्हणजे कुणाच्या मनात काही राहायला नको. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, त्यात शिकारीला बंदी आहे, नुसता प्रयत्न केला तरी ती शिकारच धरतात, आणि शस्त्र म्हणजे काय काय याची जी यादी त्या कायद्यात आहे तिच्यात धनुष्यबाण चक्क नाव घेऊन लिहिलाय. आमच्या गच्चीवरून येऊरचा डोंगर दिसतो. तिकडे प्रॅक्टिसला जा की, मोकळी जागा आहे, असं मला ओळखीतल्या काही जणांनी सुचवलं, पण ते सगळं संजय गांधी नॅशनल पार्कचं जंगल आहे आणि तिथे परवानगीशिवाय शस्त्र घेऊन शिरणं हाच मुळात गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी येऊरच्या बिबट्यांना आधीच चारही बाजूंनी बिल्डिंगांनी घेरलंय, त्यांच्या वाट्याला जेवढं जंगल उरलंय तिथे आपण बो घेऊन कशाला जायचं. तर मी टार्गेट आर्चरी करते, कागदावर ॲरो म्हणजे बाण मारते, आणि मला त्यात पूर्ण समाधान आहे.

पण बो निवडायचं पहिलं शिक्षण मला दादाकडूनच मिळालं, आणि ते शिकाऱ्याचं शिक्षण आहे म्हणून जास्त पक्कं बसलं असं मला वाटतं. मी त्याला व्हिडिओ कॉल करून ऑनलाइन बघितलेले बो दाखवत होते, काळे, कॅमोफ्लाजचे, ४० पौंड, ५० पौंड, तर तो म्हणाला, "अगं ते राहू दे, तू ग्राउंडवर गेलीस की आधी एक कर, खुर्चीवर बस, दोन्ही पाय जमिनीवरून उचल, बो टार्गेटकडे सरळ धर आणि वर आभाळाकडे न नेता सरळ मागे खेच, आला तर तो बो तुझा, नाही आला तर कितीही छान दिसू दे, तुझा नाही." ही शिकाऱ्यांची जुनी टेस्ट आहे. झाडावरच्या मचाणावर बसून, अंगात चार कपड्यांचे थर, थंडीने आखडलेले हात, समोर वीस यार्डांवर हरीण उभं, अशा वेळी बो आकाशाकडे उचलून जोर लावला की त्या हालचालीने हरीण पळतं. आणि त्याहून वाईट म्हणजे पळत नाही पण आपला हात थरथरतो आणि ॲरो भलत्या ठिकाणी लागतो. गोळीसारखा धक्का ॲरोला नसतो, ॲरो कापतो, आणि रक्त जाऊन जनावर मरतं, म्हणून हृदय आणि फुफ्फुसं यांच्याच जागी तो लागायला हवा आणि पुढचं ब्रॉडहेड, म्हणजे पात्यांचं टोक, वस्तऱ्यासारखं धारदार हवं. तसं झालं नाही तर ते जनावर जखमी होऊन तासन्‌तास कुठेतरी फिरतं. दादा हे सांगताना एकदम गंभीर होतो, त्याने किती मारली याच्यापेक्षा किती वेळा बो खेचून, मनासारखा शॉट नाही म्हणून हळूच परत सोडला, हे तो जास्त सांगतो.

म्हणजे स्वतःला शांतपणे धरता येईल तेवढंच पाउंडेज. इथे ठाण्यात कागदावर मारणाऱ्या मला हाच नियम सगळ्यात जास्त कामाला आला.

मी त्याला विचारलं, मग तू ६० पौंडाचा कसा धरतोस? तर तो कंपाऊंड वापरतो, ज्याला दोन्ही टोकांना चाकं म्हणजे कॅम असतात. त्यात खेचताना मधे पूर्ण ६० पौंड लागतात पण शेवटी पोचलात की वजन उतरतं, त्याला लेट-ऑफ म्हणतात, त्याचा ८० टक्के आहे, म्हणजे फुल ड्रॉला हातात फक्त १२ पौंड राहतात आणि तो हरणाची मान वळेपर्यंत आरामात थांबू शकतो. रिकर्व्ह म्हणजे चाकं नसलेला, टोकं पुढे वळलेला बो, त्याला असं काही नाही, जितकं खेचाल तितकं वजन वाढतच जातं आणि नेमका निशाणा धरायच्या वेळी सगळ्यात जास्त असतं. त्यामुळे कुणी शिकारी ६० म्हणाला म्हणून आपण रिकर्व्ह ४० चा घेऊ या, त्याच्यापेक्षा कमीच झाला, हा हिशोब पूर्ण उलटा पडतो, कारण तो १२ धरतोय आणि आपण ४० धरणार. तिकडे बऱ्याच राज्यांत हरणासाठी कमीत कमी ३५ किंवा ४० पौंडाचा बो लागतो असा नियमच आहे, ॲरो आरपार जायला तेवढा जोर हवा म्हणून. कागदाला आरपार जायची गरज नाही. १८ मीटरवर १८-२० पौंडाचा बो मस्त चालतो, आणि मजा म्हणजे दादाचे वीस यार्ड आणि आमचे इनडोअरचे १८ मीटर हे जवळजवळ एकच अंतर आहे.

ग्राउंड मला नवी मुंबईत मिळालं. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने जायचं, रविवारी सकाळी गाडी रिकामी असते. सरांना पहिल्याच दिवशी विचारलं की सर बो कुठला घेऊ, ते म्हणाले आत्ता काहीच घेऊ नका, रबर बँड घ्या. खरंच. जाड रबराचा पट्टा खेचून हनुवटीखाली हात आणायचा, खांदा खाली, कोपर वर, पाठीने खेचायचं, हे बरेच आठवडे चाललं, मग ग्राउंडचा लाकडी बो, मग ग्राउंडचा रिकर्व्ह. माझं मत विचाराल तर कुणीही ग्राउंडवर काही आठवडे दुसऱ्याचा बो मारल्याशिवाय स्वतःचा घेऊच नये, कारण त्याआधी आपला ड्रॉ, म्हणजे आपण स्ट्रिंग किती इंच खेचतो, हेच ठरलेलं नसतं, पहिल्या दिवशी खांदा वर उचलून खेचतो आणि महिन्याभराने पाठ वापरायला लागलो की ड्रॉ एखाद इंचाने बदलतो.

आणि डोळा! हे कुणी सांगत नाही. दोन्ही हात समोर ताणून तळव्यांमध्ये छोटं भोक ठेवायचं, त्यातून लांबची एखादी वस्तू बघायची आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून हात हळूहळू चेहऱ्याकडे आणायचे, भोक ज्या डोळ्यावर येतं तो आपला मास्टर डोळा. मी लिहिते, जेवते, सगळं उजव्या हाताने, पण माझा डोळा डावा निघाला. सरांनी दोन्ही बाजूंनी मारून बघायला लावलं, उजवीकडून मारताना डावा डोळा मिटून घ्यावा लागत होता आणि चेहऱ्यावर ताण यायचा, डावीकडून दोन्ही डोळे उघडे ठेवून ॲरो एकमेकांच्या जवळ लागायला लागले. मग ठरलं लेफ्ट-हँड बो, म्हणजे उजव्या हातात धरायचा आणि डाव्या हाताने खेचायचा. याचा परिणाम असा की ग्राउंडवरचे बहुतेक रायझर, म्हणजे बोचा मधला धरायचा भाग, राइट-हँड, सेकंड-हँडमध्ये येतात तेही राइट-हँडच जास्त, दुकानात लेफ्ट-हँड मागितला की "मागवावा लागेल मॅडम" आणि मग वाट बघत बसा. तरी मी सांगेन की डोळा डावा असेल तर सुरुवातीलाच बाजू ठरवा, वर्षभराने बदलणं फार जड जातं. काही जण उजवीकडूनच मारतात डोळा झाकून आणि चांगले मारतात, तेही बघितलंय, पण निर्णय करून बघून घ्यावा.

आता माप. दोन्ही हात फाकवून मधल्या बोटापासून मधल्या बोटापर्यंत जे अंतर येतं त्याला अडीचने भागायचं, माझं साधारण ६३ इंच, म्हणजे ड्रॉ २५ च्या आसपास. याच्यावरून बोची लांबी ठरते, २४ ते २६ इंच ड्रॉला ६६ इंचाचा, २६ ते २८ ला ६८, त्यापुढे ७०, ढोबळमानाने असं धरतात. ६६ करायला २५ इंचाचा रायझर आणि शॉर्ट लिम्ब (लिम्ब म्हणजे रायझरच्या वर-खाली बसणारी पाती) घ्या किंवा २३ चा रायझर आणि मीडियम लिम्ब, मी २३ घेतला कारण तो वजनालाही हलका पडतो.

आणि लिम्बवर जो आकडा लिहिलेला असतो त्याने गडबडून जायला होतं. तो २८ इंच खेचल्यावरचा आकडा असतो. एक इंच कमी खेचलं की साधारण दोन पौंड कमी होतात, म्हणजे २४ लिहिलेला लिम्ब माझ्या २५ इंचाला १८ च्या आसपास येतो, सरांच्या बो-स्केलवर लटकवून बघितलं तर आलाही तितकाच. उलट माझ्यासोबतच शिकायला लागलेला एक उंच मुलगा आहे, त्याचा ड्रॉ ३० च्या वर, तोच २४ चा लिम्ब त्याच्या हातात २८ पेक्षा जास्त होतो. म्हणून कुणाचं ऐकून "२४ घे" असं करू नका, आपल्या ड्रॉला किती येतो ते विचारा. मोठ्या माणसाने खऱ्या हातातल्या १८ ते २२-२४ मध्ये सुरुवात करावी, लहान मुलांनी त्याहून कमी.

तिन्ही प्रकार मी बघितले. इंडियन राउंडचा लाकडी-बांबूचा बो, काही हजारांत येतो, त्याला साईट म्हणजे नेम धरायची पिन नाही, काही नाही, ५० आणि ३० मीटरच्या नॅशनल होतात त्याच्या. गावाकडची कितीतरी मुलं त्याच्यावरच तयार होतात आणि शहरात लोक त्याला स्वस्तातला म्हणून बाजूला ठेवतात हे मला पटत नाही, फॉर्म शिकायला तो फार चांगला आहे. कंपाऊंडची तर महाराष्ट्रात लाटच आहे, साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे दोघंही २०२३ मध्ये बर्लिनला वर्ल्ड चॅम्पियन झाले, अदिती तेव्हा १७ वर्षांची होती, ओजसने फायनलमध्ये १५० पैकी १५० मारले, आणि आता २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाऊंडची मिक्स्ड टीम इव्हेंट येतेय. ग्राउंडवर पालक मुलांना घेऊन येतात ते थेट कंपाऊंडच मागतात. पण नीट टार्गेट कंपाऊंड, साईट, स्कोप, रिलीज (स्ट्रिंग सोडायचा खटका) धरून लाखाच्या पुढे जातो, ड्रॉ लेंग्थ त्यात अगदी मापात बसवावी लागते आणि स्ट्रिंग बदलायला प्रेस लागतं, म्हणजे सगळ्यासाठी कुणावर तरी अवलंबून. मी टेक-डाउन, म्हणजे सुटा करता येणारा, रिकर्व्ह घेतला, आयएलएफ फिटिंगचा. आयएलएफ म्हणजे एक कॉमन सांधा, एका कंपनीच्या रायझरला दुसऱ्या कंपनीचे लिम्ब बसतात. रायझर चांगला घेतला, लिम्ब सगळ्यात साधे, कारण पाउंडेज वाढलं की लिम्ब बदलायचेच असतात. रायझर, लिम्ब, साधी साईट, ॲरो आणि बाकी बारीकसारीक मिळून वीस हजाराच्या पुढे जातं, त्याच्या आत कुणी "फुल प्रोफेशनल सेट" देत असेल तर त्यात आयएलएफ आहे का ते आधी बघा.

ऑनलाइन जे "हंटिंग बो" नावाने दिसतात त्यांच्याबद्दल थोडं, कारण खूप जण तिकडे ओढले जातात. शिकारीचा कंपाऊंड मुद्दाम आखूड असतो, ३०-३३ इंच, फांद्यांतून, मचाणातून वळवता यावा म्हणून. टार्गेटचा लांब, ३६ ते ४० इंच, कारण लांब बो हातात स्थिर राहतो. शिकारीच्या साईटला तीन-चार पिना असतात, २०, ३०, ४० यार्डांच्या, कारण हरीण कुठे उभं राहील ते आपल्या हातात नाही. आमचं अंतर ठरलेलं, एकच पिन, ती वरखाली करायची. त्यांचा रेस्ट, म्हणजे ॲरो टेकवायची जागा, ॲरोला चारही बाजूंनी धरून ठेवतो, बो तिरका झाला तरी पडू नये म्हणून. त्यांच्या स्ट्रिंगला रबराचे सायलेन्सर असतात, आणि हे मला फार भारी वाटलं, दादाचा ॲरो सेकंदाला २८० फुटांच्या आसपास जातो आणि आवाज ११०० फूट, म्हणजे स्ट्रिंगचा आवाज हरणापर्यंत आधी पोचतो, ते उडी मारायला खाली दबतं आणि ॲरो पाठीवरून निघून जातो. म्हणून तो पंचवीस यार्डांपुढे मारतच नाही, बो कितीही लांब मारू शकत असला तरी. त्याचे ॲरोही जड, ४०० ग्रेनच्या वर, जोर टिकावा म्हणून, माझे त्याच्यापेक्षा खूप हलके, नाहीतर १८ पौंडाने ३० मीटरपर्यंत पोचलेच नसते. सगळं काही त्या कामासाठी विचार करून बनवलेलं आहे, आणि आपलं ते कामच नाही, मग तसा बो घेऊन ग्राउंडवर यायचं कशाला. ब्रॉडहेड तर ग्राउंडवर आणूच नयेत, फोमचा बट, म्हणजे टार्गेटचा ठोकळा, फाडतात आणि उपटताना हात कापतात.

पैसे कुठे घालायचे म्हणाल तर ॲरोत. बो थोडा कमी चालेल पण ॲरो बोशी जुळायलाच हवेत. ॲरो सुटताना तो आधी वाकतो, माशासारखा सळसळत रायझरला वळसा घालून मग सरळ होतो, किती वाकायला हवा त्याला स्पाइन म्हणतात. मोजायची रीत अशी की २८ इंचाच्या दोन टेकूंवर ॲरो ठेवायचा, मधे १.९४ पौंड वजन लटकवायचं, एक इंच वाकला तर स्पाइन १०००, अर्धा इंच वाकला तर ५००. म्हणजे आकडा मोठा तेवढा ॲरो मऊ, हलक्या बोला मऊ ॲरो लागतो. दुकानात मला ५०० चे कार्बन दाखवत होते, मजबूत आहेत मॅडम, वर्षानुवर्षं टिकतील, ते दादासारख्याच्या कंपाऊंडला ठीक, माझ्या बोवरून ते ताठच्या ताठ एका बाजूला गेले असते. सरांनी ॲल्युमिनियमचे घ्यायला लावले, आणि लांबी ड्रॉपेक्षा दीड-दोन इंच जास्त, कारण नवशिक्याचा ड्रॉ अजून वाढतो आणि आखूड ॲरो मागे खेचताना रेस्टवरून आत आला तर थेट हातात घुसू शकतो. ॲल्युमिनियमचा वाकतो तेव्हा दिसतो, कार्बनला बारीक चीर गेली तर दिसत नाही आणि सोडताना तो फुटून त्याच्या काड्या हातात शिरतात, म्हणून कार्बन वापरणारे प्रत्येक वेळी ॲरो हातात पिळून, कानाजवळ नेऊन करकरतो का बघतात. ही सवय कुणाचीही असो, फार चांगली.

बाकी सामान पटकन सांगते. टॅब, म्हणजे स्ट्रिंग खेचताना बोटांवर घालायचा तुकडा, आपल्या बोटांच्या मापाचाच, मोठा असला तर तीन बोटं एकत्र सुटत नाहीत. आर्मगार्ड पहिल्या दिवसापासून. बायकांनी आणि सैल टी-शर्टवाल्यांनी चेस्टगार्ड घ्या, स्ट्रिंग कपड्याला लागली की ॲरो भलतीकडे. बो-स्ट्रिंगर अगदी स्वस्त असतो आणि तो न घेता पायात अडकवून स्ट्रिंग चढवणारे लिम्ब पिळून ठेवतात. स्टॅबिलायझर, क्लिकर, प्लंजर ही बोवर लावायची जास्तीची साधनं लगेच नको.

आपल्या हवेचं मात्र स्वतंत्र सांगायला हवं कारण बाहेरचे व्हिडिओ बघून ते कळत नाही. जून ते सप्टेंबर ठाण्यात आणि खाडीच्या बाजूला हवा इतकी दमट असते की लेदर टॅबवर बुरशी येते, साईटचे स्क्रू गंजतात, स्ट्रिंगचं वॅक्स जातं. मी बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेवते, स्ट्रिंगला नियमित वॅक्स लावते आणि पावसात मारलं तर घरी येऊन लिम्ब पुसून उघड्यावर वाळवते, बॅगेत तसेच कोंबत नाही. आणि एप्रिल-मे मध्ये बंद गाडीत बो ठेवायचा नाही, उन्हाने आतला गोंद सुटून लिम्बचे थर वेगळे होऊ शकतात. ट्रेनला टेक-डाउन सोपा, सुटा करून पाठीवरच्या बॅगेत मावतो, लेडीज डब्यात बॅग बघून हमखास कुणीतरी विचारतं काय आहे, आणि मी दरवेळी नीट सांगते, त्यातून एक काकू आपल्या नातीला घेऊन ग्राउंडवर आल्या सुद्धा.

घरात पाहुणे आले की बो दाखव म्हणतात आणि ॲरो न लावता खेचून सोडायला बघतात. हे कधीही होऊ देऊ नका. ॲरो नसला तर सगळा जोर लिम्बमध्येच परत जातो आणि ते तुटतात, तुकडा तोंडावर येतो. माझा बो मी हातात देते पण स्ट्रिंग उतरवूनच. सोसायटीच्या गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये मारायचा विचारही नको, चुकलेला ॲरो कुठे जाईल ते कुणालाच सांगता येत नाही. ग्राउंडवर शिट्टी वाजल्याशिवाय कुणी लाइनच्या पुढे जात नाही आणि ॲरो उपटताना मागे कुणी उभं नाही ना ते आधी बघतात, हे सगळं बो घेण्याआधीच अंगात मुरलेलं असलं की बरं.

सध्या मी २८ लिहिलेल्या लिम्बवर आहे, म्हणजे हातात २२ च्या आसपास, मधे २६ चे एका मुलीकडून वापरायला घेतले होते, माझे २४ चे तिच्या भावाला दिले. दोन-दोन पौंडांनीच वाढवायचं असं सरांचं सांगणं आहे आणि खुर्चीवरची दादाची टेस्ट मी प्रत्येक नवीन जोडीला करते, खेचून धरते आणि न सोडता हळूच परत आणते. २२ ला माझे जुने ॲरो आता जरा मऊ पडायला लागलेत, माझ्या लेफ्ट-हँड बोवरून डावीकडे जातात, त्यामुळे पुढची खरेदी ॲरोचीच, एक स्पाइन खालचे, म्हणजे जरा ताठ. सरळ प्लास्टिक व्हेनच्या, म्हणजे मागच्या पिसांच्या, ॲरोंना लेफ्ट-हँड राइट-हँड नसतं, तेव्हा यावेळी घ्यायच्या आधी ग्राउंडवरच्या कुणाचेही मारून बघता येतील.